देनारियसवरचे देव : रोमन चांदीची नाणी कशी वाचावीत

कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धाने रोमची तिजोरी खंक झालेली असताना, इ.स.पू. 211 च्या सुमारास, रोमन टांकसाळीने चांदीचे एक नवे नाणे पाडायला सुरुवात केली. त्याचे नाव देनारियस. वजन जेमतेम 4.5 ग्रॅम, आकार आपल्या रुपयाहून लहान आणि किंमत 10 'अस', म्हणजे रोजच्या व्यवहारातली कांस्याची 10 नाणी. त्याच्या पुढच्या बाजूवर शिरस्त्राण घातलेल्या एका स्त्रीचे मस्तक आहे आणि तिच्या मानेमागे 10 हा रोमन आकडा कोरला आहे. मागच्या बाजूवर भाले रोखून दौडत जाणारे दोन घोडेस्वार आहेत, त्यांच्या डोक्यांवर एकेक तारा आहे आणि खाली 'रोमा' एवढीच अक्षरे आहेत. पुढे सुमारे साडेचारशे वर्षे हे नाणे रोमन अर्थव्यवहाराचा कणा राहिले, आणि या सगळ्या काळात त्याच्या एका तरी बाजूवर बहुधा कोणी ना कोणी देव किंवा देवी होतीच.

ही दैवते नाण्यावर पूजेसाठी आलेली नव्हती. नाणे कोणाच्या अधिकाराने निघाले आहे आणि त्या अधिकाऱ्याला लोकांना काय सांगायचे आहे, हे त्यांच्या तोंडून वदवले जात असे. वर्तमानपत्रे नसलेल्या आणि बहुसंख्य लोकांना वाचता न येणाऱ्या समाजात हाताहातांतून फिरणारे चित्र हे निरोप पोचवण्याचे प्रभावी साधन होते. त्यामुळे देनारियसवरचा देव पाहून प्रथम विचारायचा प्रश्न 'हा कोण?' हा असला, तरी खरा उपयोगाचा प्रश्न 'याला इथे कोणी आणले?' हा आहे.

पहिल्या नाण्याला हा प्रश्न विचारून पाहू. शिरस्त्राणधारी स्त्री म्हणजे रोमा, रोम नगरीचेच देवीरूप. घोडेस्वार म्हणजे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर रेजिलस सरोवराकाठी रोमनांची लॅटिनांशी लढाई झाली, तेव्हा हे दोघे पांढऱ्या घोड्यांवरून रोमनांच्या बाजूने लढले आणि त्याच संध्याकाळी रोमच्या चौकातल्या झऱ्यावर घोड्यांना पाणी पाजताना दिसले, अशी आख्यायिका होती. इ.स.पू. 484 मध्ये त्या चौकातच त्यांचे मंदिर उभे राहिले. शत्रू इटलीच्या भूमीवर ठाण मांडून बसला असताना नाण्यावर हे स्वार यावेत, याचा अर्थ त्या काळच्या रोमन माणसाला सांगावा लागला नसेल. इथे बोलणारे राज्य आहे. नाण्यावर कोणा व्यक्तीचे नाव नाही, कोणा घराण्याची बढाई नाही.

चित्र ओळखण्याची रीत मराठी वाचकाला मुळीच परकी वाटू नये. शंख-चक्र दिसले की विष्णू आणि उंदीर दिसला की गणपती हे जसे आपण चेहऱ्याकडे न पाहताच ठरवतो, तसेच रोमन दैवतांचेही आयुध, वाहन आणि वेष पाहून ठरवायचे असते, कारण दीड-दोन सेंटिमीटरच्या चकतीवर चेहऱ्यांत फारसा फरक करता येत नाही. हातात वज्र आणि जवळ गरुड असला तर ज्युपिटर, मोर असला तर त्याची पत्नी जुनो. शिरस्त्राण, भाला आणि ढाल या तिन्ही गोष्टी रोमा आणि मिनर्व्हा या दोघींकडेही असतात. घुबड दिसले तर मिनर्व्हा, एरवी आजूबाजूचा मजकूर पाहावा लागतो. पंख असलेली टोपी आणि दोन सापांनी वेढलेला दंड ही मर्क्युरीची खूण, त्रिशूळ नेपच्यूनचा, वीणेसारखे तंतुवाद्य अपोलोचे, सोटा आणि सिंहाचे कातडे हर्क्युलिसचे, धान्याची कणसे सेरेसची. दोन दिशांना पाहणारे दोन चेहरे एकाच मानेवर असतील तर तो जेनस. आणि बकऱ्याचे शिंगासकट कातडे डोक्यावरून पांघरलेली स्त्री दिसली, तर ती लॅन्युव्हियम या गावची जुनो सोस्पिता. तिचे चित्र घालणारे अधिकारी बहुधा त्याच गावाशी नाते सांगणारे असत.

नाणे पाडण्याची कृती साधी होती आणि म्हणूनच दोन देनारियस कधीही तंतोतंत सारखे सापडत नाहीत. ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर तापवलेली चांदीची चकती ठेवायची, तिच्यावर वरचा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. हात थोडा हलला की देवाचे नाक किंवा नावातले शेवटचे अक्षर चकतीच्या बाहेर जाई. ही टांकसाळ कॅपिटोलाइन टेकडीवर जुनो मोनेताच्या मंदिराला लागून होती. तितुस कॅरिसियस या अधिकाऱ्याने इ.स.पू. 46 मध्ये काढलेल्या नाण्याच्या एका बाजूवर या देवीचे मस्तक आहे आणि दुसऱ्या बाजूवर चक्क टांकसाळीतली हत्यारे, म्हणजे ऐरण, सांडशी, हातोडा आणि ठसा. कारागिरांच्या अवजारांना देवीच्या पाठीशी जागा देणारे हे नाणे मला सगळ्या देनारियसांत फार प्रामाणिक वाटते.

कॅरिसियससारखे अधिकारी कोण असत, हे समजल्याशिवाय मधल्या शंभर वर्षांची नाणी कळत नाहीत. नाणी पाडून घेण्याचे काम दरवर्षी तीन तरुण अधिकाऱ्यांकडे सोपवले जाई. राजकारणाच्या शिडीची ही खालची पायरी होती आणि वरच्या पायऱ्या मतांवर अवलंबून होत्या. सुरुवातीला या अधिकाऱ्यांनी जुने चित्र फारसे बदलले नाही. स्वारांच्या जागी दोन घोड्यांच्या रथातली चंद्रदेवी किंवा विजयदेवी आली, कोपऱ्यात अधिकाऱ्याच्या नावाची दोन-तीन अक्षरे आली, इतकेच. इ.स.पू. 130 च्या दशकापासून मात्र एकाएकी चित्रांचा पूर लोटला. इ.स.पू. 139 च्या कायद्याने निवडणुकीत गुप्त मतदान आले, आश्रितांच्या मतांवर डोळा ठेवून बसण्याची सोय गेली आणि आपल्या घराण्याचे नाव लोकांच्या मनावर ठसवण्याची निकड वाढली, असा त्याचा एक अर्थ अभ्यासक लावतात. तो मला पटतो. कारण यानंतर नाण्यावरचे देव राज्याचे उरत नाहीत, ते घराण्यांचे होतात.

याचे सर्वांत देखणे उदाहरण गायस मॅमिलियस लिमेटॅनस याने इ.स.पू. 82 मध्ये काढलेला देनारियस आहे. त्याच्या कडेला मुद्दाम करवतीसारखे दाते पाडले आहेत. पुढच्या बाजूवर पंखांची टोपी घातलेला मर्क्युरी आहे. मागच्या बाजूवर प्रवाशाची टोपी घातलेला, हातात काठी घेतलेला एक माणूस पुढे हात करून उभा आहे आणि त्याच्या पायाशी एक कुत्रा तोंड वर करून त्याच्याकडे पाहतो आहे. हा माणूस म्हणजे ट्रॉयच्या युद्धासाठी घर सोडल्यानंतर वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेला युलिसीस, आणि त्याला ओळखणारा तो म्हातारा कुत्रा अर्गोस. मॅमिलियस घराणे आपला वंश युलिसीसच्या मुलापासून सांगत असे आणि युलिसीसच्या वंशावळीत मर्क्युरीही येई. म्हणजे पुढे देव, मागे पूर्वज आणि कडेने आपले नाव असा सारा कुलवृत्तांत 4 ग्रॅम चांदीत बसवला आहे.

क्विंटस पॉम्पोनियस मुसा याने तर आपल्या आडनावावरच खेळ केला. त्याने कलांच्या नऊ देवता म्हणजे नऊ म्यूझ यांची मालिकाच काढली: कोणाच्या हाती सुखान्त नाटकाचा मुखवटा, कोणाच्या हाती शोकान्त नाटकाचा, आणि खगोलशास्त्राची युरेनिया काठीने आकाशगोलाकडे बोट दाखवणारी. पुढच्या बाजूवर त्यांचा नायक अपोलो. विनोद म्हणून हे फिके असेल, पण आज संग्राहक हा संच पुरा करण्यासाठी आयुष्य घालवतात.

सगळेच घराण्याच्या बढाईचे नव्हते. इ.स.पू. 100 मध्ये पिसो आणि केपिओ या दोन कोषाधिकाऱ्यांनी काढलेल्या नाण्यावर सॅटर्नचे मस्तक आहे, कारण रोमचा सरकारी खजिना सॅटर्नच्या मंदिरात असे. मागे ते दोघे बाकावर बसलेले आहेत, दोन्ही बाजूंना धान्याची कणसे आहेत आणि खाली 'धान्य खरेदीसाठी' या अर्थाची अक्षरे तोडून तोडून लिहिली आहेत. सरकारी पैसा कशावर खर्च झाला हे खुद्द पैशावरच छापण्याची ही तऱ्हा आहे. दहाएक वर्षांनी इटलीतल्या मित्रजमातींनी रोमविरुद्ध बंड केले, तेव्हा त्यांनीही देनारियसच्याच वजनाची नाणी पाडली, पण रोमाच्या जागी 'इटालिया' बसवली. त्यांतल्या काही नाण्यांवर इटलीचा बैल रोमच्या लांडग्याला शिंगांवर घेताना दिसतो. चलन शत्रूचे उसने घेतले, देवी मात्र स्वतःची.

यानंतरचा टप्पा व्हीनसचा आहे. सुल्ला हा सेनापती आपल्यावर व्हीनसची कृपा आहे असे मानत असे आणि इ.स.पू. 84 च्या सुमारास त्याच्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत निघालेल्या नाण्यांवर व्हीनस आणि तिच्यासमोर ताडाची फांदी धरलेला छोटा क्युपिड दिसतो. पण या देवीवर खरा हक्क सांगितला तो ज्युलियस सीझरने. त्याचे ज्युलियस घराणे ट्रॉयच्या इनीअसपासून आणि इनीअसची आई म्हणून व्हीनसपासून आपली उत्पत्ती मानत असे. इ.स.पू. 47-46 च्या त्याच्या देनारियसवर पुढे व्हीनस आहे, मागे म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन जळत्या ट्रॉयमधून बाहेर पडणारा इनीअस आहे आणि बाजूला फक्त 'सीझर' एवढाच शब्द आहे. मग इ.स.पू. 44 च्या आरंभी जे घडले, ते रोममध्ये आधी कधी घडले नव्हते. जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीतल्या नाण्यावर आला. सुरकुतलेली मान, डोक्यावर पर्णमुकुट आणि भोवती 'सीझर, तहहयात हुकूमशहा'. व्हीनस त्याच नाण्याच्या मागच्या बाजूला गेली. देवीची जागा माणसाने घेतली आणि देवी त्याची पाठराखीण झाली, हा बदल मार्चमधल्या त्याच्या खुनानेही मागे फिरला नाही. खुनाचा सूत्रधार ब्रूटस दहा वर्षांपूर्वी नाणे-अधिकारी असताना त्याने आपल्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवी घातली होती. खुनानंतर त्याने दोन खंजिरांचे प्रसिद्ध नाणे काढले, त्यावर मात्र पुढच्या बाजूला त्याचाच चेहरा आहे.

सीझरच्या मृत्यूनंतर आकाशात धूमकेतू दिसला आणि लोकांनी तो सीझरचा आत्मा मानला. त्याला अधिकृतपणे देवत्व देण्यात आले, आणि त्याचा दत्तक पुत्र व रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या इ.स.पू. 19-18 च्या सुमाराच्या देनारियसवर आठ किरणांचा, वर ज्वाळेसारखी शेपटी असलेला तो धूमकेतू 'दिव्य ज्युलियस' या अक्षरांसह आला. त्यामुळे ऑगस्टसला स्वतःला देव म्हणवून घेण्याची गरज उरली नाही; 'देवपुत्र' ही बिरुदावली पुरली. पुढचा सम्राट तिबेरियस यानेही तोच कित्ता गिरवला. त्याच्या देनारियसवर 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' असे लिहिले आहे आणि मागे हातात राजदंड व डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री आहे. ती शांतिदेवी की सम्राटाची आई लिव्हिया, की आईला शांतिदेवीच्या रूपात दाखवले आहे, यावर वाद आहे. असा संदिग्धपणा टांकसाळीला सोयीचाच होता.

साम्राज्यकाळात मागच्या बाजूवर पुराणातल्या देवांइतकीच गर्दी गुणदेवतांची होते. हा प्रकार आपल्याला थोडा चमत्कारिक वाटतो, कारण इथे शांती, एकोपा, आशा, आरोग्य, न्याय्य माप, धान्यपुरवठा यांनाच स्त्रीरूप दिले आहे. डहाळी धरलेली पाक्स म्हणजे शांती, सापाला भरवणारी सालुस म्हणजे आरोग्य, सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेले शिंग घेतलेली फोर्तुना म्हणजे भाग्य, तराजू धरलेली एक्वितास म्हणजे चोख व्यवहार. यांच्या नावापुढे अनेकदा 'ऑगस्टसची', म्हणजे सम्राटाची, असा शब्द जोडलेला असतो. म्हणजे ही शांती कोणाही ऐऱ्यागैऱ्याची नव्हे, सम्राटाने दिलेली. जी गोष्ट नाण्यावर वारंवार सांगितली जाते, तिची वास्तवात टंचाई असावी असा संशय घ्यायला हरकत नाही; यादवी युद्धांच्या काळात 'सैन्याची निष्ठा' नाण्यांवर फार दिसते.

नाण्याचा काळ ठरवताना मात्र देवापेक्षा अक्षरे कामी येतात. सम्राटाच्या मस्तकाभोवती त्याच्या पदव्यांची आद्याक्षरे असतात, आणि लोकाधिकाऱ्याचे अधिकार त्याला कितव्यांदा मिळाले, कॉन्सल हे सर्वोच्च पद कितव्यांदा भूषवले हे आकड्यांत लिहिलेले असते. ते जुळवले की पुष्कळदा नेमके वर्ष हाती लागते.

काही सम्राटांची दैवते इतकी व्यक्तिगत आहेत की नाणे पाहूनच माणूस कळतो. डोमिशियनची उपास्य देवता मिनर्व्हा. त्याच्या कारकिर्दीत देनारियसवर वर्षानुवर्षे तीच देवी चार ठरावीक मुद्रांत येत राहिली. कॉमोडसने आयुष्याच्या अखेरीस सिंहाचे कातडे पांघरून स्वतःलाच हर्क्युलिस म्हणून नाण्यावर आणले. आणि 218 ते 222 या काळात राज्य करणाऱ्या एलागाबालसच्या देनारियसवर चार घोड्यांच्या रथात कोणी देवच दिसत नाही. रथात शंकूच्या आकाराचा एक दगड आहे आणि त्याच्यापुढे गरुड आहे. सीरियातल्या एमेसा नगरीच्या सूर्यदेवाची ही शिळा होती. सम्राट तिचा वंशपरंपरागत पुजारी होता आणि त्याने ती रोमला आणली होती. मानवी रूपातल्या देवांना सरावलेल्या रोमनांना ते रुचले नाही. स्वयंभू शिळेला शेंदूर वाहणाऱ्या प्रदेशातून पाहताना त्यात इतके बिचकण्यासारखे काही वाटत नाही.

या नाण्यांचा आपल्या भूमीशी संबंध आला तो मिरी, मलमल आणि रत्नांच्या व्यापारातून. भारताकडे दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स, म्हणजे सव्वा कोटी देनारियस, वाहून जातात अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात नोंदवली आहे. तुलनेसाठी, ऑगस्टसच्या सैन्यातल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार 225 देनारियस होता. त्याच काळातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात सोन्याचांदीचे देनारियस स्थानिक नाण्यांशी बदलून नफा होतो असे म्हटले असून पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण यांचाही उल्लेख आहे. तरीही रोमन चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे महाराष्ट्रात नव्हे, तर तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगणाच्या भागात सापडले, आणि त्यांत ऑगस्टस व तिबेरियस यांच्या दोन-तीन प्रकारांचाच भरणा आहे. पश्चिम भारतात आलेली रोमन चांदी वितळवून तिथले राज्यकर्ते क्षत्रप यांनी आपली नाणी पाडली असावीत, असा कयास केला जातो. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे नहपान क्षत्रपाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारून घेतला होता.

भारतीय सराफाला रोमन देवतेचे काही सोयरसुतक नव्हते. दक्षिणेत सापडलेल्या अनेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीने छेद दिलेला आहे. तेर आणि कोंडापूरला तर रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातीची पदके मिळाली आहेत, ती अंगावर घालण्यासाठी असावीत. श्रीलंकेच्या राजाची एक गोष्टही प्लिनी सांगतो: रोमन माणसाजवळची नाणी वेगवेगळ्या सम्राटांच्या छापाची असूनही सारख्याच वजनाची आहेत हे पाहून राजाला रोमनांच्या सचोटीचे कौतुक वाटले.

ती सचोटी फार टिकली नाही. 64 मध्ये नीरोने देनारियसचे वजन घटवले आणि कसही उतरवला, आणि त्यानंतरची चांदीची नाणी भारतातल्या साठ्यांत विरळ होत जातात. इथल्या व्यापाऱ्याने जुने, चोख नाणे पसंत केले यात नवल नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेप्टिमियस सेव्हेरसने चांदीत जवळजवळ निम्मे हीण मिसळले. याच काळातल्या देनारियसवर तराजू धरलेली मोनेता, म्हणजे टांकसाळीची देवी, पुन्हा पुन्हा दिसते. वजनमाप चोख असल्याची ग्वाही देण्याची जितकी गरज वाढली, तितक्या वेळा ती आली असे म्हणावे लागते.

215 मध्ये काराकलाने काढलेल्या मोठ्या नाण्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यदेवाचा किरणांचा मुकुट आला, आणि सम्राज्ञीचा अर्धपुतळा चंद्रकोरीवर बसवला गेला. हे नाणे बहुधा 2 देनारियसच्या भावाने चालवले गेले, पण त्यात चांदी 2 देनारियसइतकी नव्हती. 270 च्या सुमारास तर त्यात शेकडा 5 भागही चांदी उरली नाही. तांब्यावर चांदीचा मुलामा दिला जाई आणि तो हाताळून निघून जाई. चोख चांदीचे नाणे पुन्हा आणले ते डायोक्लेशियनने, 294 च्या सुमारास, आणि त्याचे वजन ठरवले नीरोच्या मापाने, एका रोमन पौंडात 96. त्याच्या मागच्या बाजूवर चार सह-सम्राट एका तटबंदीसमोर तिपाईवर आहुती देताना दिसतात. ती आहुती कोणत्या देवाला चालली आहे, हे मात्र नाण्यावर कुठेच दाखवलेले नाही.